वाढवलेल्या काचेचे मणी

मराठीत बांगडी फुटत नाही, ती वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. ज्या वस्तूच्या मोडण्याशी अशुभाची भीती जोडलेली आहे, तिच्याबद्दल उलटा शब्द वापरायची ही जुनी रीत. पण काचेच्या बाबतीत हा शब्द नुसता शिष्टाचाराचा नाही, तो पदार्थविज्ञानाच्याही बाजूने खरा आहे. लाकूड जळलं की राख उरते. मडकं एकदा भाजलं की त्याची पुन्हा माती होत नाही, खापरंच राहतात. काच मात्र फोडा, कुटा, पीठ करा, पुन्हा तापवा. ती परत काचच होते. उलट नव्या काचेला लागतो त्यापेक्षा कमी जाळ तिला पुरतो. शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश उष्णता लागते. सोड्याचा खार घातला की ती गरज बरीच खाली येते. आणि फुटकी काच तर आधीच वितळून झालेली असते. आजच्या कारखान्यांचा हिशेब असा की भट्टीत दर दहा टक्के भंगार काच वाढवली की इंधन अडीच-तीन टक्क्यांनी वाचतं. मोडलेली काच जगभरच्या गरीब कारागिरांच्या हाती का गेली, याचं उत्तर या हिशेबात आहे.

अशा काचेचे मणी करणारे कारागीर म्हणून आज जगात नाव आहे ते आफ्रिकेचं, त्यातही घानाच्या क्रोबो लोकांचं. मराठवाड्यात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू शोधायला फार लांब जायला नको. बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या कोणत्याही बांगड्यांच्या दुकानात काळ्या मण्यांच्या लडी टांगलेल्या असतात. त्या कुणी केल्या, कशाच्या केल्या, हे आपण विचारत नाही. सोनं कोणत्या सोनाराकडचं हे घराघरात पाठ असतं, मण्याला मात्र गाव नसतं. या दोन मण्यांमध्ये एक जुनी वाट आहे, आणि तिचा एक तुकडा बीड जिल्ह्यातून जातो.

आधी क्रोबोंचा मणी. घानाच्या पूर्व भागात ओडुमासे, सोमान्या या गावांच्या परिसरात हे लोक राहतात. कच्चा माल म्हणजे बिअरच्या, सरबताच्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि खिडक्यांच्या काचा. त्या धुवून लोखंडी खलात कुटतात आणि चाळणीने चाळून मैद्यासारखं पीठ करतात. रंग हवा असेल तर त्यात रंगद्रव्य किंवा रंगीत काचेचीच पूड मिसळतात. मातीचा जाड साचा असतो. अप्पेपात्राला असतात तशा त्यात ओळीने वाट्या पाडलेल्या. काच चिकटू नये म्हणून आतून पांढऱ्या चिकणमातीचा हात फिरवलेला. प्रत्येक वाटीच्या तळाशी बारीक खळगी असते, तिच्यात कसावाच्या पानाचा देठ उभा रोवतात. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो ते कंदाचं झाड. देठाभोवती काचेचं पीठ भरायचं, पट्टे हवे असतील तर रंगांचे थर एकावर एक द्यायचे, आणि साचा भट्टीत सरकवायचा. साधारण ८०० ते ८५० अंशांवर पीठ वितळून वाहत नाही, त्याचे कण एकमेकांना धरतात. देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. उपवासाला ज्याच्या कंदाची खिचडी करून आपण खातो, त्याच्या देठाचं हे काम मला फार आवडतं. लोखंडी सळई घातली असती तर ती काचेत अडकून बसली असती. देठ आपलं काम करतो आणि नाहीसा होतो.

दुसरा एक प्रकार पारदर्शक मण्यांचा. त्यात पीठ नव्हे, काचेचे बारीक तुकडेच साच्यात घालतात. ते जास्त तापवून मऊ झाले की साचा बाहेर काढायचा आणि काच गार व्हायच्या आत टोकदार हत्याराने मधोमध भोक पाडून मणी तिथल्या तिथे गोल फिरवायचा. शेवटी सगळे मणी दगडावर वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करतात. क्रोबो मुली वयात आल्यावर ‘दिपो’ नावाचा विधी होतो. त्यात मुलीच्या कमरेला, गळ्यात, दंडाला घरातले जुने मणी चढवतात. कोणता मणी कोणत्या आजीचा, हे सांगितलं जातं. ‘बोदोम’ नावाचा मोठा पिवळा मणी तर कुळाची ठेव समजतात.

नायजेरियात वेगळी पद्धत आहे. तिथल्या बिडा गावचे काचकार (नावाचं साम्य निव्वळ योगायोग) बाटल्या वितळवून काच लोखंडी सळईवर गुंडाळतात आणि त्याच भट्टीवर मणीही करतात आणि बांगड्याही. म्हणजे आपल्याकडे ‘कासार’ म्हटलं की जो माल डोळ्यांसमोर येतो, तोच.

पण आफ्रिकेतली ही फेरवापराची कला बाटल्यांपासून सुरू झाली नाही. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नदीच्या काठी मापुंगुब्वे नावाची प्राचीन राजधानी आहे आणि तिच्याजवळच ‘के-टू’ या रुक्ष नावाने ओळखली जाणारी तिच्याही आधीची वसाहत. इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांत तिथे काचेचे मोठे, पिंपाच्या आकाराचे मणी केले जात. बागेतल्या रुळासारखे दिसतात म्हणून पुरातत्त्वज्ञ त्यांना रुळमणी म्हणतात. त्यांचे मातीचे साचेही सापडले आहेत. तिथे काच तयार होत नव्हती. मग काच आली कुठून? तर समुद्रापलीकडून आलेले मोहरीएवढे निळे-हिरवे मणी मोठ्या संख्येने साच्यात भरून, तापवून, त्यांचा एक मोठा मणी केला जाई. परदेशी व्यापाऱ्याने आणलेला माल तसाच गळ्यात न घालता आपल्या मापाचा, आपल्या आवडीचा करून घ्यायचा. आफ्रिकेच्या कारागिराने काच फुकट मिळाली म्हणून नव्हे, तर महाग मिळाली असतानाही वितळवली, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ‘भंगारातून कला’ असं कौतुक आपण करतो त्यात एक दयाबुद्धी असते. रुळमण्यांना ती लागू पडत नाही.

ते मोहरीएवढे मणी ज्या जातीचे होते, तिला पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने ‘इंडो-पॅसिफिक’ असं नाव दिलं. जपानपासून आफ्रिकेपर्यंत ते सापडतात. पुद्दुचेरीजवळचं अरिकमेडू हे त्यांचं फार जुनं केंद्र. आंध्रात तिरुपतीच्या बाजूला पापानायडूपेट गावात ही पद्धत आपल्या काळापर्यंत टिकली. तिथे वितळलेल्या काचेचा मोठा गोळा पोकळ लोखंडी नळीवर घेतात, नळीतून आत एक दांडी घालून गोळ्याला आरपार पोकळी करतात, आणि मग एक जण समोरून काचेचं टोक पकडून ओढत मागे जातो. ओढली जाते ती बारीक, आतून पोकळ काचेची दोरी. तास-तास हे ओढणं चालतं. गार झालेल्या नळ्या धारदार पात्यावर तोडून बारीक तुकडे करतात, भोकात राख भरून ते पुन्हा परततात, म्हणजे धारा मरतात आणि मणी गोलसर होतो. शेव पाडण्याची आणि लाह्या भाजण्याची क्रिया एकत्र केली तर जे होईल ते.

घरात जुनी पोत असेल तर एक भिंग घेऊन पाहा. मण्यातल्या रेघा आणि बुडबुडे भोकाला समांतर लांबट दिसले तर तो ओढलेल्या नळीचा मणी. रेघा भोकाभोवती वळसे घेत असतील तर तो सळईवर गुंडाळलेला. साच्यातल्या पिठाच्या मण्याचं अंग रवाळ असतं. एवढ्यावरून गाव कळत नाही, पण कारागिराचा हात कळतो.

गाव कळण्यासाठी काचेच्या आत जावं लागतं. चौल हे अलिबागजवळचं, कुंडलिकेच्या खाडीमुखावरचं आपलं जुनं बंदर. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी तिथे उत्खनन केलं. तिथले काचमणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतींतले मणी यांची रासायनिक तुलना लॉर दुसुबिए, चापुरुखा कुसिंबा, गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. लेझरने मण्यावर डोळ्याला न दिसणारा खड्डा पाडून त्यातली मूलद्रव्यं मोजायची, अशी ती पद्धत. निघालं ते असं की दोन्हीकडे एकाच घडणीची काच आहे. सोडा आणि अॅल्युमिना जास्त, शिवाय युरेनियमचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच वरचं आणि बेरियम कमी. वाळूतल्या खनिजांचा हा ठसा काच कितीही वेळा वितळवली तरी पुसला जात नाही. याच जातीची काच पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या मण्यांतही ओळखली गेली. चौलच्या बंदराशी ज्या मण्यांचं नातं आहे ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि तिथून आत पोचले होते, हे म्हणायला आता प्रयोगशाळेचा आधार आहे. कागदोपत्री आधार त्याआधीपासून होताच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगिजाने लिहून ठेवलं आहे की सोफाळ्याच्या बाजारात खंबायतचं सुती कापड आणि करडे, तांबडे, पिवळे बारीक मणी येतात आणि त्यांच्या बदल्यात सोनं जातं.

आता बीडकडे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथला माल गाड्यांवरून भडोचला जाई, असं तो लेखक लिहितो. नकाशावर पैठणपासून तेरपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती गोदावरी ओलांडून गेवराईकडून, बीड शहराच्या अगदी जवळून, केजच्या बाजूने खाली उतरते. जुन्या वाटा पट्टीने आखलेल्या नसतात हे खरं. पण पैठणहून तेरला जाणाऱ्या गाडीवानाला आजचा बीड जिल्हा टाळून जाणं अवघड होतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दगडाचे, शंखाचे, काचेचे मणी ठेवलेले आहेत. उत्तरेला जालना जिल्ह्यात भोकरदन आहे. सांची-भारहूतच्या दानलेखांतलं भोगवर्धन ते हेच. तिथे १९७३ साली शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांनी उत्खनन केलं. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती बाईशी नातं सांगणारी एक भग्न हस्तिदंती मूर्ती तिथे निघाली आणि तिचा गाजावाजा झाला. त्याच मातीतून निघालेल्या मण्यांना तेवढं नशीब लाभलं नाही. मणी हे पुरातत्त्वातले सामान्य नागरिक आहेत. संख्येने सर्वांत जास्त, छायाचित्रात सर्वांत कमी.

त्यांच्याकडे नीट पाहणारा मराठी माणूस म्हणजे मोरेश्वर गंगाधर दीक्षित. कोरीव-रेखित मण्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४९ सालचं, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचं १९६९ सालचं. हसमुख सांकलियांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन करताना बहामनी थरातल्या बहुरंगी काचबांगड्या त्यांच्या हाती आल्या होत्या. पुढे विदर्भात कौंडिण्यपूरला त्यांनी उत्खनन केलं. भारतात काच परदेशातून आली आणि आपण ती फक्त अंगावर घातली, हा समज खोडायला दीक्षितांची पुस्तकं आजही उपयोगी पडतात.

काच करायला वाळू आणि खार लागतो. दख्खनमध्ये खार कुठे? त्याचं एक उत्तर मराठवाड्याच्या वेशीवर आहे. लोणारचं सरोवर. ‘आईन-इ-अकबरी’त लोणारचं वर्णन करताना अबुल फजल आवर्जून नोंदवतो की काच आणि साबण करायला लागणारं सामान इथे मिळतं. पापडखारासाठी लोणार आपल्या आज्यांना माहीत होतं, काचेसाठीही ते माहीत होतं हे आपण विसरलो. भोकरदनच्या किंवा तेरच्या मण्यांत लोणारचा खार आहे का, हे चौलच्या मण्यांवर झाला तसा प्रयोग करून पाहण्याजोगं आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठाने हा विषय घेतला तर एका पदवीपुरतं नाही, एका पिढीपुरतं काम त्यात आहे.

मण्याच्या या प्रवासाचं वर्णन करताना लेखणी सहज रमते, म्हणून एक गोष्ट सांगून टाकायला हवी. आफ्रिकेत मण्यांच्या बदल्यात नुसतं सोनं आणि हस्तिदंत येत नव्हतं. माणसंही येत. हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापारात कापड आणि मणी ही चलनातली वस्तू होती. हबसाणात जन्मलेला, विकला जात जात दख्खनला पोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता-करविता झाला आणि १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं. चौलच्या दक्षिणेला जंजिऱ्याला सिद्दींनी आपली सत्ता उभी केली. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण सांगतो. जे मलिक अंबर झाले नाहीत, त्यांच्या किमतीत किती लडी मोजल्या गेल्या असतील त्याची वही कुणी ठेवलेली नाही. आराधी ज्या कवड्यांची माळ तुळजाभवानीसाठी गळ्यात घालतात, त्या कवड्याही समुद्रातूनच येत, आणि मालदीवच्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत नाणं म्हणून चालत. आपल्याकडे देवीची, तिकडे बाजाराची.

एकोणिसाव्या शतकात गंगा उलटी वाहू लागली. व्हेनिस आणि बोहेमियाने आफ्रिकेचा बाजार भरला, आणि बोहेमियाच्या याब्लोनेत्सच्या बांगड्या-मणी, नंतर जपानचे, हिंदुस्थानात येऊ लागले. ज्या देशाने निम्म्या जगाला मणी पुरवले त्या देशात सौभाग्याचा मणी परदेशी झाला. स्वदेशीच्या चळवळीत काचेला एवढं महत्त्व का आलं, हे यावरून कळतं. लोकांच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावला १९०८ साली काच कारखाना काढला. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना १९१६ चा. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. पण मणी आणि बांगडीचा धंदा उत्तरेत स्थिरावला. फिरोजाबादला बांगड्या, आणि हाथरस जिल्ह्यातल्या पुर्दिलनगरला मणी. पुर्दिलनगरच्या छोट्या भट्ट्यांभोवती कारागीर बसतात, प्रत्येकापुढे एक तोंड, हातात सळई. फिरोजाबादच्या भट्ट्यांतून आलेली काच आणि भंगार वितळवून ते सळईवर मणी गुंडाळतात. हात बिडाच्या काचकारांसारखाच.

मराठी घरातही ही कला होती, फक्त तिला कुणी कला म्हटलं नाही. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे डब्यात जमवायचे. दिवेलागणीनंतर मेणबत्तीच्या किंवा चिमणीच्या ज्योतीवर तुकडा धरायचा, मध्ये मऊ झाला की वाकवून दोन टोकं जवळ आणायची, त्यात दुसरा तुकडा अडकवायचा. अशा कड्या जोडत हिरव्या-लाल काचेचं तोरण व्हायचं. हे करणाऱ्या मुलींना तापमान माहीत नव्हतं, पण काच कोणत्या क्षणी वाकते आणि कोणत्या क्षणी तडकते ते बोटांना माहीत होतं. गार फरशीवर गरम कडी ठेवली तर ती टचकन मोडते, म्हणून ती आधी फडक्यावर ठेवायची. काचकाराच्या भाषेत याला काच सावकाश निववणं म्हणतात आणि त्यासाठी वेगळी भट्टी असते. प्लास्टिकच्या बांगड्या आल्या, तोरण संपलं.

बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या नावातच कासार आहेत, शिरूर कासार. कासार तांब्या-पितळेचे आणि बांगड्यांचे, मनियार बांगड्यांचे. आणि मनियार या शब्दात तर मणीच बसला आहे. पोत ओवणारे पटवेकरी वेगळे. जुनी पोत वाढली की मणी वेचायचे, निखळ असतील ते ठेवायचे, नव्या दोऱ्यात पुन्हा ओवायचे. सोनं आटवून नवं डोरलं करतात तसे काळे मणी कुणी आटवत नाही. ते आहेत तसेच सासूच्या पोतीतून सुनेच्या पोतीत जाऊ शकतात. गळसरी, गरसोळी, पोत ही नावं सोन्याची नव्हेत, मण्यांची आहेत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांचं मंगळसूत्र म्हणजे काळ्या मण्यांची पोत आणि दोऱ्याची गाठ. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या गळ्यात सोनं घरी ठेवून नुसती पोत असते, तेव्हा ती तिच्या आजीच्या मूळ दागिन्याकडेच परतलेली असते. कारखान्याच्या फडावर तिला चोरीची काळजी नको असते, एवढंच.

आणि तरी या स्वस्त काचेवर बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, पोत तोडायची. त्या दिवशी मात्र भाषा ‘वाढवणं’ सोडून देते, तेव्हा सरळ फोडणंच असतं. क्रोबो आजी मेली की तिचे मणी नातीच्या दिपोला बाहेर निघतात. आपल्याकडे बाई जिवंत असताना तिचे मणी मरतात. काच तीच, सोडा आणि वाळू तीच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की गावात विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक गावच्या फलकावर लागतं, बाईच्या माहेर-सासरच्या ओसरीवर ते पोचायला वेळ लागतो.

घानातला क्रोबो कारागीर आज पर्यटकासमोर बाटली कुटून दाखवतो, मण्याला आपल्या गावाचं नाव लावून विकतो. पुर्दिलनगरचा कारागीर आपल्या मण्याला नाव लावत नाही. तो लडी किलोवर विकतो, आणि चीनच्या यंत्रातून निघालेल्या मण्याशी त्याची स्पर्धा पैशांत चालते. बीडच्या दुकानात दोन्ही लडी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. हातचा मणी ओळखायचा असेल तर लडीतले सगळे मणी सारखे आहेत का ते पाहावं. एखादा जाड, एखादा किंचित तिरका, एखाद्याचं भोक मधोमध नाही, आणि काही काळे मणी उजेडासमोर धरले तर कडेला गडद जांभळे दिसतात. ते जांभळेपण मँगनीजचं.